टेंभराच्या बिया आणायला गोंडपिपरीकडे

मे सरत आला की चंद्रपूरच्या रानात टेंभरं, म्हणजे टेंभुर्णीची फळं, पिकतात. थंडीत बाजारात येणारं केशरी जपानी फळ, म्हणजे पर्सिमॉन, आणि आपली टेंभुर्णी दोन्ही डायोस्पायरॉस या एकाच वंशातली. जंगलाला लागून असलेल्या आमच्या पडीक तुकड्यावर रानातल्या जनावरांसाठी ही झाडं वाढवायची आहेत, म्हणून बल्लारपूर, कोठारी करत गोंडपिपरी तालुक्यात गेलो.

टेंभुर्णी विदर्भात जिकडेतिकडे आहे, पण फळ धरलेलं झाड शोधावं लागतं. विडीच्या पानासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये बेटकटाई, म्हणजे झुडपांची छाटणी, होते, कोवळा पाला यावा म्हणून कुठे कुठे आगही लावतात. असं दरवर्षी छाटलेलं झुडूप मोठं कधी होणार आणि फळणार कधी? याच तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर साऱ्या गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला. तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता, म्हणजे टेंभुर्णीचं हे विडीचं पान, तोडायचाच नाही असं ठरवलं. हातात येणारा पैसा सोडून फळ माणसांसाठी आणि पाखरा-जनावरांसाठी राखणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मला त्या गावाबद्दल मनापासून आदर वाटतो.

जाणाऱ्यांनी आधी ग्रामसभेला विचारावं. अभयारण्यातून बी उचलू नये. उन्हाचं आणि अस्वलाचं, दोन्हींचं भान ठेवा. टेंभरांवर अस्वलाचा फार जीव, म्हणून झुंजूमुंजू असताना किंवा दिवेलागणीला झाडाखाली जाऊ नका. एकटं तर नाहीच. गावातलं माणूस सोबत असावं आणि बोलत चालावं. काळी, चौकोनी भेगांची साल दिसली की खाली पाहा. फळ पिवळं आणि मऊ असेल तेच घ्या, कच्चं तोंडाला मिठी मारतं. अस्वलाच्या वाळलेल्या विष्ठेतही चपट्या, तपकिरी बिया अख्ख्या सापडतात. त्या चालतात, फक्त हातमोजे घाला.

नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि रोपावरून ओळख पटत नाही. म्हणून दूरदूरच्या बऱ्याच झाडांखालून थोडं थोडं बी घ्या आणि लावताना एका जागी बरीच रोपं होतील असं पाहा. झाडाखालची बहुतेक फळं तिथेच राहू द्या, ती ज्यांची आहेत त्यांना लागतात.

घरी आल्यावर गर धुऊन काढा, पाण्यावर तरंगणारं बी टाका, उरलेलं सावलीत सुकवा आणि त्याच पावसाळ्यात लावा. जुनं बी भरवशाचं नाही. मला रोपवाटिकेपेक्षा जागेवरच टोकणं पसंत आहे. या झाडाचं सोटमूळ आधी खोल जातं, वर मात्र बराच काळ चार पानंच दिसतात. छोट्या पिशवीत ते मूळ गुंडाळतं आणि नंतर रोप बसत नाही. पिशवीच हवी तर लांब घ्या. पहिला चांगला पाऊस झाला की मुरमाड, उघड्या जागी दोन-तीन बिया अर्ध्या पेराएवढ्या खोल घाला. उगवायला महिना-दोन महिनेही लागतात, तोवर जागा उकरू नका.

गुरं या पाल्याला फारशी तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो. वणव्यापासून मात्र जपावं लागतं. भोवतीचं गवत दिवाळीनंतर काढा. उन्हाळ्यात शेंडा वाळला तरी रोप उपटू नका, मुळातून पुन्हा फुटतं. आणि घर, विहीर, पायवाट यांपासून लांब लावा, कारण फळं धरली की अस्वल येणारच.