सतरावं पान

स्मरणिका समितीचा निरोप आला: सातशे शब्द, पासपोर्ट आकाराचा फोटो, मुदत महिनाअखेर. फोटो त्याच दिवशी पाठवला. मजकूर लिहायला मात्र तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा शाळा राहिली बाजूला, सरच येऊन बसले. तेव्हा सरांवरच लिहितो. जुनी इमारत, गॅदरिंग, घंटेचा लोखंडी तुकडा यांवर बाकीचे लिहितीलच.

सरांचं नाव घालत नाही. आपल्याकडे गणिताचे अमुक सर, चित्रकलेचे तमुक सर असत. नुसते 'सर' म्हणजे नववी-दहावीला मराठी शिकवणारे. आमच्या वेळच्या कुणालाही विचारा.

कविता वाचण्याआधी सर ती टेबलावर वाजवत, डस्टरच्या लाकडी पाठीने. मनाच्या श्लोकांचं लगागा लगागा, म्हणजे एक आखूड अक्षर आणि दोन लांब, आमच्या अंगातच होतं, तिन्हीसांजेला घरोघरी म्हणायला लावत. सरांनी एक दिवस कुसुमाग्रजांचं 'पृथ्वीचे प्रेमगीत' फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, श्लोकाच्या चालीवर म्हणा. पहिली अर्धी ओळ बिनबोभाट गेली. पुढच्या अर्ध्या ओळीच्या टोकाला अख्खा वर्ग अडखळला. कशाने ते कुणाला सांगता येईना. सरांनी डस्टर पुन्हा वाजवला. चौथ्या लगागामधला शेवटचा गा तिथे नव्हताच! "ठेच लागली ना? मग वृत्त येतं तुम्हाला," म्हणाले आणि खडू ठेवला. पृथ्वी सूर्यावर का भाळली, हे त्या दिवशी राहूनच गेलं.

सर रात्री विज्ञानकथा लिहितात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेही त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. शाळेत कागदाची नेहमीच टंचाई, म्हणून चाचणीला सर पाठकोरे फुलस्केप वाटत. एका बाजूला आपण उत्तरं लिहायची, दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत बारीक अक्षर. नववीच्या पावसाळ्यात तपासलेले पेपर हातात पडल्यावर कुणीतरी मागची बाजू वाचली आणि ओरडला, "अरे, ही गोष्ट आहे!" मधल्या सुट्टीत पेपर गोळा करून आम्ही पानं लावली. दिवाळी अंकाकडून साभार परत आलेली कथा होती ती, चौतीस पानांची.

गोष्ट आपल्याच खाडीची. आषाढ लागलेला, पंधरा दिवस आभाळ उघडलेलं नाही, चंद्र कुणाच्या दृष्टीस नाही. अठराव्या पानावर एक म्हातारा नाखवा काठावरून पळत येतो आणि गावाला सांगतो की चंद्र गेला. गाव हसतं. ढगाआडचं त्याला कसं कळलं? ते सतराव्या पानावर असणार, आणि सतरावं पान गायब. बाकं उलथीपालथी केली, कचरापेटी ओतली.

पान माझ्या दप्तरात होतं. त्याच्या दुसऱ्या बाजूला वृत्त-अलंकारांच्या चाचणीत मला पडलेले २० पैकी ४ गुण होते, लाल शाईत, गोल करून.

बातमी सरांपर्यंत गेलीच. रागावले नाहीत. म्हणाले, उद्या प्रत्येकाने आपापलं सतरावं पान लिहून आणा, दहा गुण. कुणी नाखव्याला स्वप्न पाडलं, कुणी उडती तबकडी उतरवली, एकीने चक्क खंडोबाला बोलावलं. मी सरांचंच पान उतरवलं, आठ-दहा शब्द बदलून. त्यात म्हातारा रोज भरतीची वेळ बघत असतो. भरती दर दिवशी पाऊण तासाहून थोडी अधिक मागे सरकायची, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. आणि आता ती रोज एकाच घटकेला येते. ना उधाण ना भांग, रोज तेवढीच, पूर्वीच्या निम्म्यालाही पोचत नाही. चंद्र नसला तर उरते ती एकट्या सूर्याची भरती. सूर्य काही पाऊण तास उशिरा उगवत नाही.

ओळीतला एक गा गेला की आपल्याला ठेच लागते, तशी म्हाताऱ्याला लागली होती. हे मला तेव्हा कळलं असं म्हणणार नाही. मी उतरवण्यात गर्क होतो.

वही परत आली तेव्हा १० पैकी ६. सरांनी आपलीच दोन वाक्यं तांबड्या शाईने खोडली होती आणि समासात लिहिलं होतं: पाल्हाळ. वर्गात माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त तास संपताना गोष्ट सांगावी तसं सांगितलं की १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली, 'कृष्णविवर', आणि पहिली ठरली. मागाहून कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी लावलेली. "आपलं लिहून दुसऱ्याचं नाव घातलं त्यांनी," सर म्हणाले. घंटा झाली. उलटं कोण करतं हे ते बोललेच नाहीत.

आज मी नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर मोटारी आणि गिअर सांभाळतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, तारेच्या जाळीच्या. वारा वाढला की सगळ्यांची तोंडं वर करून ठेवायची. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळांच्या सहली येतात. मागे एका मुलीने विचारलं, "काका, यातून आवाज ऐकू येतो का?" मी भरतीची गोष्ट सांगत बसलो. तिच्या बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेलो. स्मार्ट बोर्ड आलाय, छान आहे. पण डस्टर नाही. वृत्त वाजवायचं कशावर? मराठीचे तासही कमी झालेत म्हणे. कपाटात सरांचं काही असेल म्हणून शोधलं. हजेरीपट निघाले. सरांच्या दोनच कथा छापून आल्याचं मला माहीत आहे; बाकीच्या आमच्या चाचण्यांत संपल्या. पुस्तक निघालं नाही. सरही गेले.

नाखव्याची गोष्ट ज्यांच्याकडे पानापानाने गेली, त्यांनी माळे-ट्रंका जरूर तपासाव्यात. माझं सतरावं पान या मजकुरासोबत पाठवतो आहे. समितीला विनंती, छापताना निळ्या शाईचीच बाजू छापावी.