जुन्या वास्तूचं थ्रीडी मॉडेल: एआयला कुठे हात लावू द्यायचा

जुन्या वास्तूचं डिजिटल मॉडेल करताना एआय खरं उपयोगी पडतं ते मोजलेल्या गोष्टी ओळखायला आणि वेगळ्या करायला. जे मोजलंच नाही ते भरून काढायला त्याला बसवलं, की मॉडेल देखणं होतं, पण नोंद म्हणून निकामी.

म्हणून आधी मोजणी, म्हणजे वेगवेगळ्या जागांवरून काढलेल्या फोटोंतून सॉफ्टवेअरने वास्तूचा आकार काढणं (फोटोग्रामेट्री). पिक्सेलचा आकार गुणिले भिंतीपासूनचं अंतर भागिले फोकल लेंग्थ, हा हिशोब जागेवर जाण्यापूर्वीच करावा. ४ मायक्रॉनचा पिक्सेल, २४ मिमी लेन्स आणि ६ मीटर अंतर असेल, तर फोटोतला एक पिक्सेल भिंतीवरचा १ मिमी व्यापतो. साध्या चिरेबंदी भिंतीला हे पुरतं. छिन्नीच्या खुणा टिपायच्या तर २ मीटरवर यावं लागतं. लागोपाठच्या फोटोंत ७० ते ८० टक्के ओव्हरलॅप ठेवा, झूम हलवू नका, ढगाळ दिवस मिळाला तर सोडू नका. एका जागी उभं राहून नुसतं वळत फोटो काढले तर कुठली गोष्ट किती लांब आहे हे सॉफ्टवेअरला कळतच नाही. दर फोटोला जागा बदललीच पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो एकसारख्या खांबांच्या रांगेत. पाचवा खांब आणि सातवा खांब सॉफ्टवेअरला एकच वाटतात आणि अख्खी ओवरी दोन खण आखूड होते. एआयवर चालणारे नवे फीचर मॅचर (दोन फोटोंतल्या सारख्या जागा जुळवणारी साधनं), उदाहरणार्थ सुपरग्लू किंवा लाइटग्लू, कोऱ्या गिलाव्यावरही जुळणी शोधतात. पण त्याच ताकदीने ते दोन वेगळे खांबही जुळवून टाकतात. उपाय साधा आहे: प्रत्येक खणात जमिनीवर क्रमांकित टार्गेट (खुणेची पट्टी) ठेवायचं आणि त्याची जागा टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने, मोजायची. जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर टार्गेट चिकटवायचं नाही, काढताना पापुद्रा निघतो.

माणसं, झाडं, आभाळ फोटोतून वगळायला मात्र एआय हवंच. २०२३ साली आलेल्या सेगमेंट एनिथिंगसारख्या, फोटोतली प्रत्येक वस्तू वेगळी काढणाऱ्या एआय मॉडेलमुळे हे काम पुष्कळच हलकं झालंय. तरी आभाळाचा मास्क (वगळायचा भाग झाकणारा थर) कळसाची बारीक टोकं खातो का, हे डोळ्यांनी तपासावं. खात असेल तर मास्क काही पिक्सेल आत घ्यावा.

पॉइंट क्लाउडमधून, म्हणजे मोजलेल्या लाखो बिंदूंच्या संचातून, खांब, कमान, घुमट, कंगोरा वेगळे करायला लगेच डीप लर्निंगकडे धावायची गरज नसते. वास्तूचा एखादा भाग हाताने लेबल करून रँडम फॉरेस्टला (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवर चालणारी साधी मशीन लर्निंग पद्धत) शिकवला तरी बरंच काम भागतं. इथे प्रत्येक बिंदूभोवती किती अंतरापर्यंतचे शेजारी बिंदू बघायचे, ती त्रिज्या नीट निवडावी लागते: खांबाची गोलाई कळायला ती खांबाच्या त्रिज्येच्या आसपास हवी, कंगोऱ्याला त्याहून बरीच लहान. चुका बहुतेक एकाच ठिकाणी होतात, खांबाचा माथा आणि कमानीचा पाय मिळतात तिथे. चाचणी शिकवलेल्या भागाच्या शेजारी घेऊ नका, वास्तूच्या दुसऱ्या टोकाला घ्या. नाहीतर आकडे उगाच चांगले दिसतात.

पुढची पायरी धोक्याची. सॉफ्टवेअर भिंतीवर सपाट प्रतल बसवतं आणि ओळंब्यातून ४० मिमी कललेली भिंत सरळ होऊन बसते. तो कलच तर पाया खचल्याची खूण असू शकतो! म्हणून सरळ केलेल्या मॉडेलसोबत मूळ बिंदूंपासूनच्या फरकाचा नकाशा ठेवायलाच हवा.

फोटोंवरून कुठल्याही कोनातलं दृश्य तयार करणाऱ्या पद्धती, म्हणजे २०२० चं नर्फ आणि २०२३ चं गॉशियन स्प्लॅटिंग, बघायला अप्रतिम, काच आणि चकाकत्या धातूसाठी तर फारच. पण स्प्लॅट म्हणजे रंगीत, अर्धपारदर्शक ठिपके. फोटोत बरोबर दिसण्यासाठी ते जुळवलेले असतात, पृष्ठभागावर नेमके बसतीलच असं नाही. त्यावरून मापं काढू नका.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला २०१९ मध्ये आग लागली, तेव्हा कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आधीच घेतलेलं एक अब्जाहून अधिक बिंदूंचं लेसर स्कॅन हाताशी होतं. ते मोलाचं ठरलं, कारण त्यातला प्रत्येक बिंदू मोजलेला होता. एआयने रचलेला भाग वेगळ्या लेयरवर, वेगळ्या रंगात, कशावरून रचला त्या टिपेसह ठेवावा. वारसावास्तूंच्या संगणकीय चित्रणासाठीच्या तत्त्वांचा, म्हणजे २००९ च्या लंडन चार्टरचा, आग्रहही अंदाज आणि पुरावा वेगळे ओळखू यावेत असाच आहे.

शेवटी पाच-सहा लांब्या, त्यात निदान दोन कर्ण, टेपने किंवा लेसरने मोजून सॉफ्टवेअरपासून लपवून ठेवा आणि तयार मॉडेलशी ताडून पाहा. फरक किती आला तो मॉडेलसोबतच लिहून ठेवा, आणि मूळ रॉ फोटो, मास्क व ई५७ (पॉइंट क्लाउड साठवायचा प्रकार) फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.