बारा मालकांची एक खोली: बेळगावात सामायिक मालकी उभी करताना आलेला अनुभव

वडगावात भाड्याच्या दोन खोल्या, एक स्क्रीन प्रिंटिंगचं (म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापायचं) टेबल, तीन एलईडी दिवे, एक प्रोजेक्टर आणि बारा मालक. त्यांत लग्नाचे फोटो काढणारे आहेत, फलक रंगवणारे पेंटर आहेत, डीटीपीवाले आहेत, शिवजयंतीच्या चित्ररथांचे देखावे उभे करणारे आहेत आणि चंदगड तालुक्यातून येणारे दोन मूर्तिकारही आहेत. हे सगळं कागदावर कसं आणलं ते तपशिलाने लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे असे गट दरवर्षी जमतात आणि बरेचसे पहिल्या गणपतीतच फुटतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. वस्तू आधी येते आणि तिचा नियम मागाहून.

आम्ही सुरुवात बैठकीने केली नाही, बिलांनी केली. दोन महिने प्रत्येकाने बाहेरून भाड्याने आणलेली प्रत्येक वस्तू एका वहीत लिहायची: काय, किती तास, किती रुपये. दोन महिन्यांनी वही उघडली आणि निकष ठरवला. निदान चार जणांनी महिन्यातून निदान दोनदा भाड्याने आणलेली वस्तूच सामायिक घ्यायची. दिवे, प्रोजेक्टर आणि छपाईचं टेबल यात बसलं. ड्रोन बसला नाही. तो सगळ्यांना हवा होता, पण वापरणारा एकच होता, आणि एकाच्या वस्तूत अकरा जणांचे पैसे अडकवणं हा गट मोडायचा खात्रीचा रस्ता आहे.

पैशांची पहिली चूक मात्र आम्हीही केली. नोंदणी व्हायच्या आधी गटाने मिळून एक काम घेतलं आणि गिऱ्हाइकाचे पैसे एका सभासदाच्या यूपीआयवर मागवले. ‘असू दे की, आपल्यातलंच हाय,’ एवढ्यावर विषय संपला. गिऱ्हाइकाने कापलेला टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरलेला प्राप्तिकर, त्याच्या पॅनवर चढला आणि सगळी रक्कम त्याच्या एकट्याच्या उत्पन्नात दिसायला लागली. वाटून दिलेल्या पैशांच्या पावत्या नव्हत्या, त्यामुळे खुलासा करताना त्याचे हाल झाले. गटाचं स्वतःचं पॅन आणि स्वतःचं खातं तयार होईपर्यंत गटाच्या नावावर एकही काम घेऊ नका. तोवर ज्याने काम आणलं त्याने आपलं बिल काढावं आणि बाकीच्यांनी त्याला आपापली बिलं द्यावीत.

मग नोंदणी. आपल्याकडे कलाकार एकत्र आले की पहिला विचार मंडळाचा. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० चा, सात सभासद पुरतात, खर्च थोडा. पण तिथे नफा सभासदांत वाटता येत नाही, आणि मंडळ बंद झालं तरी मालमत्ता सभासदांच्या घरी जात नाही. व्याख्यानमाला, नाट्यस्पर्धा, चित्रप्रदर्शन यांसाठी ते योग्यच आहे. ज्याला आपण घातलेल्या पंधरा हजारांचा हिशेब हवा आहे त्याच्यासाठी नाही.

सहकारी संस्था हे सामायिक मालकीचं खरं घर, भागभांडवल कितीही असलं तरी माणशी एक मत. आमची गाडी अडली ती सीमेवर. दोन सभासद चंदगडचे, म्हणजे महाराष्ट्राचे. कर्नाटकातल्या संस्थेचं कार्यक्षेत्र कर्नाटकात. दोन्ही राज्यांतले सभासद घ्यायचे तर २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा लागतो आणि त्यात प्रत्येक राज्यातून किमान ५० जणांच्या सह्या मागतात. बारा जणांनी शंभर कुठून आणायचे? बेळगावच्या कुठल्याही कामात चंदगडचं माणूस असतंच, त्यामुळे इथल्या गटांनी हा मुद्दा पहिल्याच दिवशी बघावा. साधी भागीदारी १९३२ च्या कायद्याने होते, पण तिथे फर्मचं देणं प्रत्येक भागीदाराच्या घरापर्यंत पोचतं, आणि करारात वेगळं लिहिलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते.

आम्ही एलएलपी केली, म्हणजे २००८ च्या कायद्याखालची मर्यादित दायित्वाची भागीदारी. भागीदार कुठल्याही राज्यातला चालतो. किमान दोन नियुक्त भागीदार लागतात, त्यांतला एक भारतात राहणारा. अर्ज ऑनलाइन आणि इंग्रजीत, त्यामुळे कन्नड-मराठीचा प्रश्न तिथे येत नाही. तो महापालिकेच्या व्यवसाय परवान्याला आणि दुकान नोंदणीला येतो. तिथे कन्नड वाचणारा एक सभासद सोबत न्या आणि कळल्याशिवाय कशावरही सही करू नका. दारावरच्या पाटीत ६० टक्के कन्नड हवं, हा २०२४ पासूनचा नियम. आमच्या पेंटरनी तिन्ही लिप्या एकाच पाटीवर इतक्या नीट बसवल्या की पाटी बघून दोन कामं आली.

नोंदणी झाली की काम संपलं असं वाटतं, पण खरं काम करारनाम्याचं आहे. तो नोंदणीनंतर ३० दिवसांत दाखल करावा लागतो. करारात एखादा मुद्दा नसेल तर तिथे कायद्याची पहिली अनुसूची आपोआप लागू होते: भांडवल, नफा, तोटा सगळ्यांचा समान, निर्णय बहुमताने, प्रत्येकाला एक मत, नवा भागीदार सगळ्यांच्या संमतीनेच, आणि करारात तशी तरतूद नसेल तर बहुमताने कुणालाही काढता येत नाही. कुणी ५,००० घालतो, कुणी ४०,००० घालतो आणि करारात काहीच लिहिलेलं नसतं, तिथे या ‘समान’ शब्दावरून डोकी फुटतात. म्हणून आम्ही प्रत्येकी १५,००० रुपये समानच ठेवले. ज्यांना एकदम जमत नव्हते त्यांनी दहा महिने दीड-दीड हजार दिले. एका पेंटरनी भिंती रंगवायचं काम भांडवलात धरा म्हटलं. कायद्यात सेवासुद्धा भांडवल म्हणून चालते, पण रोख नसलेल्या भांडवलाला सीएकडून मूल्यांकन लागतं. त्यापेक्षा त्यांना रंगाचं बिल काढायला सांगितलं आणि ती रक्कम त्यांनीच भांडवल म्हणून भरली. कागद साफ राहिला.

जमलेले १,८०,००० असे गेले: जागेची अनामत ४०,०००, छपाईचं टेबल आणि एक्स्पोजर पेटी ३६,०००, दिवे स्टँडसह २७,०००, प्रोजेक्टर २४,०००, हवेतली ओल शोषणारं यंत्र १२,०००, कपाट आणि मांडणी ९,०००, नोंदणी आणि करारनामा १५,०००. हातात राहिले १७,०००. भाडं ६,००० आणि वीज साधारण १,२०० धरली तर तेवढ्यात सव्वादोन महिने निघतात. याहून कमी शिल्लक ठेवून सुरुवात करू नये.

भाडं-वीज ७,२०० भागिले बारा, म्हणजे माणशी महिना ६००. खोलीत पाय ठेवा न ठेवा, हे द्यायचेच. वस्तूंचा दर मात्र वापरावर. टेबलाचं उदाहरण देतो. ३६,००० रुपये, आयुष्य चार वर्षं, म्हणजे वर्षाला ९,००० झीज. वापर वर्षाला ३०० तास धरला, तासाला ३० झाले. दुरुस्ती आणि शाई ओढायच्या रबरी पट्टीचे वर्षाला ३,०००, म्हणजे तासाला १०. दर ४० रुपये. ‘आपलीच वस्तू, आपल्यालाच कसलं भाडं?’ हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. चार वर्षांनी टेबल मोडेल तेव्हा वर्गणी काढावी लागू नये, म्हणून.

एलएलपीच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, पहिल्या रुपयापासून. महिन्याला वीस-पंचवीस हजार कमावणाऱ्या कलाकाराला एरवी करच नसतो. म्हणून कलेची बिलं ज्याची त्याने आपल्या नावावर काढायची, गटाच्या खात्यात फक्त वापराचे दर आणि मासिक ६०० येतात. वर्षाला दोन विवरणं, ३० मे आणि ३० ऑक्टोबरपर्यंत, अधिक प्राप्तिकराचं. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपी कायद्याखालचं लेखापरीक्षण सक्तीचं नाही. उलाढाल शून्य असली तरी विवरण भरायचंच. इथेच पुष्कळ जण दंडात जातात.

आता वही. गट चालतो तो तिच्यावरच. प्रत्येक वस्तूची वेगळी वही, लांब बांधणीची, वस्तूच्याच शेजारी दोरीने बांधलेली. रकाने सहा: तारीख, नाव, घेतल्याची वेळ, परत दिल्याची वेळ, घेताना स्थिती, देताना स्थिती. पाचवा रकाना सगळे मोकळा सोडतात आणि भांडण नेमकं त्याच्यावरून होतं. छपाईच्या रबराच्या पट्टीचंच बघा. तिची कड काटकोनात धारदार असेल तर शाई सारखी उतरते. कुणी ती शाईसकट वाळू दिली, किंवा सुरीने खरवडली, की कडेला नखाएवढा खळगा पडतो आणि पुढच्या माणसाच्या दोनशे टी-शर्टांवर एकाच जागी रेघ उमटते. तो चिडतो, आधीचा म्हणतो माझ्या वेळी ठीक होती. म्हणून आता प्रत्येकाने घेताना पट्टी उजेडासमोर आडवी धरून कड बघायची आणि पाचव्या रकान्यात ‘नीट’ किंवा ‘खळगा’ एवढं लिहायचं. मोकळा रकाना म्हणजे ‘नीट होती’. त्यानंतरचा दोष तुमचा. हा नियम आल्यापासून पट्टीवरून वाद झालेला नाही.

आपल्या पावसाचंही इथे सांगायला हवं. मृग लागल्यापासून बेळगावची हवा सप्टेंबरपर्यंत ओली असते. छपाईची जाळी कापडासाठी ४३ टी, म्हणजे सेंटीमीटरला ४३ धाग्यांची, कागदावरच्या बारीक अक्षरासाठी ९० ते १२० टी. जाळी कुठलीही घ्या, वर लावलेलं इमल्शन, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारा लेप, आतून पुरतं वाळलं नाही तर प्रकाश देऊनही ते घट्ट होत नाही आणि धुताना चित्रासकट सुटून येतं. हाताला कोरडं लागतं म्हणून माणूस फसतो. आम्ही फ्रेमा बंद कपाटात, लहान पंखा आणि ओल शोषणारं यंत्र लावून रात्रभर ठेवतो, पावसाळ्यात एका दिवशी लावलेली फ्रेम दुसऱ्या दिवशीच एक्स्पोज करतो, म्हणजे प्रकाश देतो. लेन्ससाठी झाकणाचा प्लॅस्टिक डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या दरम्यान. बुरशी एकदा काचेवर धरली की साफ करूनही डाग उरतो.

प्रोजेक्टर चित्ररथवाल्यांचा. लहान कागदावरचं चित्र वीस फुटी पडद्यावर टाकून बाह्यरेषा काढून घेतात. प्रोजेक्टर थोडा तिरका राहिला की किल्ल्याचा बुरूज एका बाजूला झुकतो, आणि हे रंग भरून झाल्यावरच कळतं. आधी एक चौकोन टाका आणि त्याच्या समोरासमोरच्या बाजू आणि दोन्ही कर्ण सुतळीने मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे आले तरच पेन्सिल उचला.

गणपतीआधीचे पंधरा दिवस आणि वैशाखातल्या शिवजयंतीआधीचे दहा दिवस नेहमीची पद्धत बंद. दिवसाचे चार-चार तासांचे चार भाग, एकाला लागोपाठ दोनच. चिठ्ठ्या आषाढात आणि फाल्गुनात सगळ्यांसमोर काढतो. काम अंगावर आल्यावर चिठ्ठ्या काढल्या तर कुणीच मानत नाही.

स्वतःची वस्तू खोलीत ठेवायला मनाई नाही, पण तिच्यावर पांढरी चिकटपट्टी, गटाच्या वस्तूवर पिवळी. पट्टी नसलेली वस्तू महिनाअखेरीला दाराबाहेर.

हक्कांचंही करारात लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कलाकृतीचा पहिला मालक निर्माता असतो, पण गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईक असतं. फोटोग्राफरना हे माहीत नसतं. हक्क लिहून दिले आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. एका पोस्टरवर तिघांचं काम असेल तर आम्ही अर्ध्या पानाचा कागद करतो: फोटो कुणाचा, अक्षरं कुणाची, मांडणी कुणाची, पुन्हा वापरायचं झालं तर कुणाला विचारायचं. डीटीपीवाल्यांसाठी एक जादा ओळ आहे, फाइल युनिकोडमध्येच द्यायची. नुडी आणि श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टांतला कन्नड-मराठी मजकूर ते फॉन्ट नसलेल्या दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हं दिसतात.

बाहेर पडण्याचं कलम आम्ही सगळ्यांत आधी लिहिलं, सगळे खुशीत असताना. करारात काही नसेल तर भागीदार ३० दिवसांची सूचना देऊन जाऊ शकतो आणि आपलं भांडवल मागू शकतो. एका वेळी चौघे निघाले तर टेबल विकावं लागेल. म्हणून पहिलं वर्ष कुणी निघायचं नाही, नंतर वर्षाला जास्तीत जास्त दोघे. त्याचा हिस्सा म्हणजे ३१ मार्चच्या ताळेबंदातली, झीज वजा केलेली, किंमत भागिले बारा, सहा समान हप्त्यांत. वस्तू उचलून न्यायची नाही. निघताना प्रत्येकाला आपण भरलेले पंधरा हजारच आठवतात, म्हणून हे गणित आकड्यांसकट उदाहरण देऊन करारातच छापलं आहे.

नवा माणूस आला तर सहा महिने नुसता वापरणारा: तासाचा दर दीडपट, मासिक ६०० नाही, मत नाही. सहा महिन्यांनी आम्ही त्याच्या नावापुढचे पाचवा आणि सहावा रकाना उघडून बघतो. ते भरलेले असतील तर सगळ्यांना विचारतो.