एफडब्ल्यू४ वर आल्यानंतर जुन्या नियमांची डागडुजी : प्रगतीची नोंद

कोल्हापुरातील घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मुक्त कार्यप्रणाली) २१.०२ च्या जागी २२.०३ चढवल्यापासून शिरोली एमआयडीसीतील भावाच्या वर्कशॉपचे वायरगार्ड (दोन ठिकाणची नेटवर्क सुरक्षितपणे जोडणारे व्हीपीएन) घराशी जोडले जात नव्हते. ती जोडणी आता पूर्ववत झाली असून, अडचण नेमकी कोठे होती याची ही नोंद आहे.

२२.०३ पासून या प्रणालीची फायरवॉल, म्हणजे पॅकेटना परवानगी वा नकार देणारी यंत्रणा, एफडब्ल्यू४ या नावाने येते आणि आयपीटेबल्स या जुन्या नियमसाधनाऐवजी एनएफटेबल्स या नव्या साधनावर चालते. अपग्रेडनंतर लॉगमध्ये पहिली तक्रार आली ती अशी की, जुन्या हाती लिहिलेल्या नियमांची फाइल एफडब्ल्यू४ शी सुसंगत असल्याची खूण नसल्याने ती वगळली आहे. सुसंगततेचा पर्याय १ केला, आयपीटेबल्सचे एनएफटी पॅकेज (जुन्या आज्ञा एनएफटेबल्सवर चालवणारे) बसवले आणि तक्रार थांबली; जोडणी मात्र झाली नाही. माझ्या मते लाल अक्षरांतील चुकीपेक्षा ही अवस्था अधिक त्रासदायक असते.

'एनएफटी लिस्ट रुलसेट' ही सारे चालू नियम दाखवणारी आज्ञा दिल्यावर कारण उलगडले. वायरगार्डच्या यूडीपी पोर्ट ५१८२० ला परवानगी देणारा जुना नियम 'आयपी फिल्टर' या वेगळ्या टेबलात जाऊन बसला होता आणि वर्कशॉपमधून आलेल्या प्रत्येक पॅकेटगणिक त्याचा काउंटर वाढतही होता. परंतु एनएफटेबल्समध्ये एका मूळ साखळीने (नियमांच्या क्रमवार यादीने) दिलेली परवानगी त्या साखळीपुरतीच असते; तेच पॅकेट पुढे 'आयनेट एफडब्ल्यू४' च्या इनपुट साखळीत जाते आणि तेथे वॅनचे (इंटरनेटच्या बाजूचे) धोरण ते नाकारते. नकार मात्र कोणीही दिला तरी अंतिम असतो. म्हणजे दोन फाटकांपैकी एकावर पास चालला, तरी दुसऱ्या फाटकावर अडवणूक ठरलेलीच. तोच नियम फायरवॉलच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये लिहिताच हँडशेक (दोन टोकांची जोडणीपूर्व ओळख) लगेच झाला.

नकोशा पत्त्यांच्या यादीचे दुखणे निराळे होते. आयपीसेटमध्ये (आयपीटेबल्सच्या जोडीच्या पत्ता-यादीत) पत्त्यांचा एक मोठा पट्टा आणि त्याच्याच पोटातील छोटा पट्टा शेजारी नांदत असत. एनएफटीच्या इंटरव्हल सेटमध्ये (पट्ट्यांच्या यादीत) त्यांवर 'कॉन्फ्लिक्टिंग इंटरव्हल्स' असा आक्षेप येतो. सेटला 'ऑटो-मर्ज' हा असे पट्टे आपोआप एकत्र करणारा पर्याय जोडल्यावर तो आक्षेप मिटला. एनएफटेबल्स.डी या फोल्डरमधील फाइल एफडब्ल्यू४ च्या टेबलाच्या आतच समाविष्ट होते, त्यामुळे तीत टेबलाचे आवरण पुन्हा लिहिल्यास सिंटॅक्स चुकतो, हेही येथे नमूद करतो.

नियमसंच एकगठ्ठा चढतो, एक ओळ चुकली की काहीच चढत नाही, ही बाब गांभीर्याने घेण्यासारखी आहे. चालू राउटरवर रीलोड फसले तरी जुना संच टिकून राहतो आणि सारे सुरळीत भासते. वळवाच्या पावसात लाइट जाऊन राउटर नव्याने उठला की मात्र टेबल रिकामेच असते. म्हणून प्रत्येक बदलानंतर आधी 'एफडब्ल्यू४ चेक' ही नियम तपासणारी आज्ञा चालवणे मी आवश्यक मानतो.

आयपीटेबल्सचे पॅकेज काढणे अद्याप बाकी आहे. ते काढून राउटर रीबूट केल्यावर संचात 'आयनेट एफडब्ल्यू४' व्यतिरिक्त दुसरे टेबल उरते का, हे तपासायचे आहे.