पीळ पडलाय

मामाच्या म्हशीचे दिवस भरले होते. पहाटेपासून कळा येत होत्या, पण विण्याचं नाव नाही. डॉक्टर आले, खांद्यापर्यंत हातमोजा चढवून हात आत घातला, डोळे मिटून जरा वेळ चाचपलं आणि बरोबरच्या शिकाऊ मुलाला म्हणाले, "टॉर्शन. राइट साइड." मग मामाकडे वळून, "पिशवीला पीळ पडलाय." मामाने मान हलवली. त्याला एवढं पुरेसं होतं. मला मात्र गंमत वाटली. टॉर्शन मी इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला शाफ्टच्या, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्याच्या, गणितांपुरतं शिकलो होतो. ते म्हशीच्या पोटात भेटेल असं वाटलं नव्हतं.

पीळ उजव्या बाजूचा, म्हणून म्हैस उजव्या कुशीवर पाडली. पुढचे पाय एका दोराने बांधले, मागचे दुसऱ्याने. पोटावर एक लांब फळी आडवी ठेवली, तिचं एक टोक जमिनीला टेकलेलं आणि त्या टोकाकडे फळीवर शिकाऊ मुलगा उभा. मग चौघांनी दोर ओढून म्हैस हळूहळू उजवीकडे लोळवली. मला राहवेना. पीळ उजवीकडचा आणि फिरवताय पण उजवीकडेच? डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "आतली पिशवी फळीने दाबून धरलीय. ती पुढे फिरून बसलीय ना, आता म्हशीने फिरून तिला गाठायचं." तिसऱ्या खेपेला पीळ सुटला. अर्ध्या तासात पारडी बाहेर, आणि मामी गुळाचं पाणी घेऊन धावत आली.

तेव्हापासून हा शब्द मला चिकटला आहे. फिरवण्याच्या बाबतीत मराठी फार चोखंदळ. पाय मुरगळतो, हात पिरगळतात, करंजीला मुरड घालतात, वाती वळतात. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. करंजी पिरगळून दाखवा बरं कुणी. पण फिरवून झाल्यावर वस्तूत जे मागे उरतं, त्याला नाव एकच, पीळ. ते मिशीत असतं, दंडात असतं, आतड्यात पडतं आणि काही लोकांच्या बोलण्यातही असतं.

त्यातून एक कोडं सुटायला मला बराच वेळ लागला. लिंबू आपण 'पिळतो', पण फिरवत कुठे? नुसतं दाबतो. उत्तर शब्दाच्या जन्मात आहे. पिळणे आलं संस्कृत 'पीडन'वरून, म्हणजे दाबणे. पीडा त्याच घरातली. लिंबाने जुना अर्थ धरून ठेवला, धुणं पिळताना दाबणं आणि फिरवणं दोन्ही चालतं, आणि दोराच्या पिळात फिरवणं तेवढं दिसतं. तिकडे इंग्रजीत टॉर्शन, टॉर्क आणि टॉर्चर ही तिन्ही एकाच लॅटिन क्रियापदाची पोरं, आणि त्या क्रियापदाचा अर्थ फिरवणे, मुरडणे. ते फिरवण्यावरून निघाले, आपण दाबण्यावरून, आणि दोघेही छळापाशी पोहोचलो. आपल्याकडे त्याला पिळवणूक म्हणतात.

पण दोराच्या पिळात दाबणं खरंच संपलं का? कापसाचा तंतू जेमतेम इंच-सव्वा इंच लांब. पेळू, म्हणजे सूत कातायची कापसाची सैल वळी, ओढून पाहा, तो तुटतसुद्धा नाही, नुसता सुटून येतो. त्याला पीळ दिला की ओढल्यावर तंतू एकमेकांवर दाबले जातात, घासतात आणि निसटायचे थांबतात. म्हणजे आत पीडनच चाललंय! ताण्याच्या, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्याच्या, 40 नंबरी सुताला इंचाला साधारण 25 पीळ लागतात. बनियनच्या सुताला कमी, म्हणून ते अंगाला मऊ. पीळ जास्त भरला तर सूत स्वतःभोवतीच गुंडाळतं आणि आढे पडतात.

दोराची युक्ती तर त्याहून भारी. प्रत्येक पेडाला पीळ एका दिशेने आणि तीन पेड एकत्र वळायचे ते उलट दिशेने. पेड सुटायला बघतो आणि त्याच्या सुटण्यानेच दोर घट्ट होतो. सुताच्या धंद्यात या दोन दिशांना एस आणि झेड म्हणतात. त्या रोमन अक्षरांची मधली रेघ जिकडे कलते तसा पीळ. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण हटवादी माणसाला हिणवायला वापरतो. मला ती सुंभावर अन्याय करणारी वाटते. पीळ काढला तर सुंभात उरतं काय? झाडायला काथ्या.

याच पिळावर 1798 साली हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने पृथ्वी तोलली. सहा फुटी लाकडी दांडी तारेला टांगली, दोन्ही टोकांना शिशाचे छोटे गोळे, जवळ दीडशे किलोंच्या वरचे दोन मोठे गोळे आणले, आणि आपल्या अंगाच्या उबेनेही हवा हलू नये म्हणून खोलीबाहेरून दुर्बिणीने पाहत बसला. मोठ्या गोळ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने तारेला पडलेल्या इवल्याशा पिळावरून त्याने काढलं की पृथ्वी पाण्याच्या साधारण साडेपाचपट घन आहे. आजचा आकडाही जवळपास तोच.

आमच्या जुन्या इमारतीत गच्चीखालच्या स्लॅबचा पोपडा पडला तेव्हा आतली सळई दिसली. जिलबीवाल्याने हात फिरवावा तशा तिच्यावरच्या धारा गोल फिरत गेलेल्या. ही टॉर सळई. पोलाद थंड असतानाच पिळायचे, की ते जास्त ताण सोसतं. आताच्या टीएमटी सळईला पीळ देत नाहीत, तरी आमचा सेंट्रिंगवाला अजून "किती टनाचं टॉर?" असंच विचारतो.

परवा आईबरोबर सोलापुरी चादर पिळली. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे, समोरासमोर. उलटसुलट फिरवलं की पीळ पडतो हे इंजिनिअरिंगचं ज्ञान, म्हणून ती उजवीकडे फिरवतेय पाहून मी डावीकडे फिरवू लागलो. चादर दोघांच्या हातात नुसती गरगर फिरली. पाण्याचा थेंब नाही.

"अरे, तूही उजवीकडेच," आई म्हणाली. "आपण तोंडासमोर तोंड करून उभे आहोत ना."