पितळेची मनधरणी

रेडिओवर उडणारं छोटं विमान घेऊन माळावर गेलं की बघ्यांचे प्रश्न ठरलेले. किती उंच जातं, किती लांब जातं, पडलं तर काय, आणि मग आवाज जरा खाली आणून, केवढ्याला पडलं. इंजिनाकडे सगळे कौतुकाने पाहतात. त्याच्या मागे स्पंजात गुंडाळून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. त्या टाकीच्या बुचातून आत शिरणाऱ्या पितळी नळ्यांची तर बातच सोडा. आणि विमान अखंड घरी येणार की कुणाच्या तरी उसात जाऊन बसणार, हे पुष्कळदा त्या नळीच्या एका वळणावर ठरतं.

टाकी म्हणजे एक बाटलीच. तोंडाला रबरी बूच, बुचाला भोकं, भोकांतून नळ्या. एका नळीतून इंधन इंजिनाकडे जातं. तिच्या आतल्या टोकाला मऊ सिलिकॉनची नळी आणि तिच्याही टोकाला एक जड तोटी असते, तिला सगळे ‘क्लंक’ म्हणतात. विमान उलटं झालं की इंधन छताकडे जातं, मागोमाग क्लंकही जातो, त्यामुळे त्याचं तोंड बुडालेलंच राहतं. दुसरी नळी हवेची. ती आत शिरल्या शिरल्या वर वळून टाकीच्या छताला टेकते न टेकते अशी राहायला हवी. बाहेरून ती सायलेन्सरला जोडतात, म्हणजे धुराचा दाब टाकीत येतो आणि इंधनाला मागून रेटा मिळतो. ही नळी वळणावर पिचली तर रेटा कमी, इंधन कमी, इंजिन तापतं आणि नेमकं चढावर असताना गप्प होतं. जमिनीवर सगळं छान वाटलेलं असतं. वर गेल्यावर पितळ उघडं पडतं.

आता वळण म्हणजे जवळजवळ काटकोन, आणि जागा इतकीशी. नळी एक अष्टमांश इंच जाडीची, म्हणजे ३.२ मिलिमीटर. तिची भिंत ०.०१४ इंच, जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. नुसत्या हातांनी वाकवायला घ्या. रसवंतीगृहातली साधी स्ट्रॉ वाकवल्यावर जे होतं तेच इथे होतं. आधी काहीच होत नाही, मग थोडं वाकतं, आणि एकदम मधोमध घडी पडते.

ही घडी का पडते ते हिशेब मांडला की कळतं. बारा मिलिमीटरच्या सळईभोवती ही नळी काटकोनात वळवली, तर वळणाची आतली बाजू साडेनऊ मिलिमीटरची होते आणि बाहेरची साडेचौदाची. नळी एकच, पण एका कडेने ती ताणली गेली आणि दुसऱ्या कडेने कोंबली गेली. मधल्या रेषेच्या मानाने बाहेरच्या भिंतीला वीस टक्क्यांहून जास्त लांब व्हायचं असतं. ती ताण चुकवायला आतल्या बाजूला सरकते, कोंबलेली भिंत तिच्याकडे सरकते, आणि गोल नळी चपटी व्हायला लागते. चपटी झाली की तिथेच ती कमजोर, कमजोर झाली की तिथेच आणखी वाकणार, आणि आणखी वाकली की आणखी चपटी. ब्रेझियर नावाच्या संशोधकाने १९२७ साली हे गणिताने मांडलं. म्हणून घडी हळूहळू पडत नाही, चाहूल न लागता पडते, आणि एकदा पडली की पक्कडने कितीही आंजारा-गोंजारा, नळी पूर्वीसारखी होत नाही. तो तुकडा फेकावा, हे माझं स्पष्ट मत. काही मंडळी ‘चालतंय की’ म्हणून तोच लावतात. त्यांचं विमान, त्यांचा ऊस.

दुसरी अडचण पितळेच्या स्वभावाची. नळी कारखान्यात साच्यातून ओढून बारीक केलेली असते, आणि ओढल्याने धातू कडक होतो. मग तो अस्सल पुणेरी बाण्याने सांगतो, मोडेन पण वाकणार नाही. हे समजून घ्यायचं तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन उभं राहावं. तिथलं मठारकाम, भांड्याच्या अंगावर हातोडीने ओळीने उठवलेले ते चकचकीत ठोके, आपण नक्षी म्हणून घेतो. पण त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांड्याला ताकद येते. घडताना मात्र हाच घट्टपणा आड येतो. म्हणून भांडं भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करायचं आणि मग पुढचे घाव. तिथल्या एका कारागिराला मी विचारलं होतं, की नळी तापवल्यावर सावकाश निवू द्यायची की पाण्यात टाकली तरी चालेल? लोखंडाच्या अनुभवावरून मला वाटायचं, पाण्यात टाकली की कडक होणार. ते हसले. म्हणाले, “पितळ आहे साहेब, लोखंड नव्हे. पाण्यात बुडवलं म्हणून रुसत नाही.”

खरंच रुसत नाही. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असं पितळ पूर्ण मऊ झालं की निम्म्याहून जास्त ताणलं तरी तुटत नाही. त्यापुढे आपली वीस टक्क्यांची मागणी काहीच नाही. घरच्या गॅसवरही जमतं, पण उजेडात करू नये. हवा तो रंग म्हणजे अगदी मंद, काळपट लाल. तो दुपारच्या उन्हात दिसतच नाही. तो दिसेल या आशेवर तापवत बसलो की नळी केशरी होते, पांढरा धूर निघतो (तो जस्ताचा, नाकात जाऊ देऊ नये) आणि मग नळीच बसते. दिवेलागणीनंतर स्वयंपाकघरातला दिवा मालवून, खिडकी उघडी ठेवून, चिमट्यात धरलेली नळी ज्योतीतून पुढे-मागे फिरवत राहायची. काही सेकंदांचा खेळ. बाहेर काढल्यावर ती काळवंडलेली, दीनवाणी दिसते, पण बोटांना लगेच कळतं की हिच्यातला हट्ट गेलाय. मिथेनॉलवालं इंधन त्या वेळी शेजारच्या खोलीतही नको, हे सांगायला नकोच.

एवढं करूनही पोकळीला आधार लागतोच. स्प्रिंगची पद्धत सगळ्यांना माहीत असते. वायरमन पीव्हीसी पाइप वळवताना आत स्प्रिंग सरकवतो. आपल्या नळीइतकी बारीक स्प्रिंग आत जाणं अवघड, म्हणून ती बाहेरून चढवायची. बरी आहे, पण लहान वळणाला माझा तिच्यावर विश्वास नाही. कुणी आत तार घालतं, ती नंतर निघता निघत नाही. ‘वुड्स मेटल’ नावाचा मिश्रधातू सत्तर अंशांच्या आसपास वितळतो. तो ओतून, वळवून, गरम पाण्यात धरला की वाहून जातो. युक्ती राजेशाही, पण त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, आणि ते आमच्या स्वयंपाकघरात येणार नाही. वाळू चालते, पण एखादा कण आत राहिला तर तो थेट इंजिनात जाणारं इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईपाशी जाऊन बसणार.

मी मिठाचा माणूस. बारीक मीठ तव्यावर कोरडं भाजून घ्यायचं, नळी थंड झाल्यावर एका टोकाला आगकाडीचा तुकडा ठोकायचा, चिमूट चिमूट मीठ भरायचं आणि दर चिमटीला नळी ओट्यावर आपटायची. आपटण्यात आळस केला की सगळं फुकट. मीठ सैल राहिलं तर ते आधार देत नाही. दुसरं टोकही बंद करून नळी गुळगुळीत सळईवर दोन्ही अंगठ्यांनी दाबत न्यायची. ओढायची नाही, सळईला चिकटवत न्यायची. काटकोन हवा तर किंचित पुढे जायचं, कारण सोडल्यावर ती थोडी मागे येतेच. शेवटी टोकं उघडून कोमट पाण्याची धार सोडायची. वाळू आत राहते की काय ही धास्ती मिठाला नाही, ते विरघळून जातं. उरलेलं मीठ मी जपून बाजूला ठेवलं तेव्हा घरातून आवाज आला, “अहो, ते परत डब्यात टाकू नका.”

वळलेल्या पितळेची एक गोष्ट मला फार आवडते. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजांची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. दारू ठीक, पितळ ठीक, वापर नाही, तरी तडा. पुढे १९२१ मध्ये उलगडा झाला. काडतुसं तबेल्यांत ठेवलेली असत, घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघायचा, आणि घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण अन् तो अमोनिया मिळून धातू फोडायचे. उपाय निघाला तोही तांबटाच्याच ओळखीचा, घडवून झाल्यावर आच देऊन ताण घालवणं. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे, म्हणजे काडतुसाचं पितळ पुण्याला काही परकं नाही. तेव्हा वळलेली नळी अमोनियावाल्या काच-पुसणीने चकचकीत करण्याच्या फंदात पडू नका. काळी राहिली तर राहू दे, टाकीत कोण बघायला येतंय!

राहता राहिलं कापणं. ते कटिंग प्लायरने करायचं नाही, त्याने तोंड चेपतं. सपाट फळीवर नळी ठेवून वरून धारदार पातं हलकं टेकवायचं आणि नळी पुढे-मागे लाटायची. गोल रेघ खोल होत जाते आणि तुकडा सुटतो. हवेच्या नळीचं वरचं तोंड कानशीने तिरकं करायचं, म्हणजे छताला टेकलं तरी बंद होणार नाही. मग एक टोक पेलाभर पाण्यात बुडवून दुसऱ्याने फुंकायचं. बुडबुडे सलग आले तर नळी बुचात घालायला हरकत नाही. अडखळत आले तर आत कानशीचा कीस आहे, आणि पुन्हा नळाखाली जायचं.