५:३० चा फरक गेला, चूक ‘इज’मध्ये होती

एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आलटूनपालटून वापरले की घड्याळ कधीकधी साडेपाच तासांनी चुकतं, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ते कोडं सुटलं. ठाण्याच्या ड्युअल-बूट (दोन सिस्टीमच्या) डेस्कटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू आलटूनपालटून दहा वेळा सुरू केले, दोन्हीकडे वेळ बरोबर!

फरकाचं मूळ असं. मदरबोर्डवरच्या घड्याळातली, म्हणजे आरटीसीतली वेळ विंडोज स्थानिक समजतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ. सकाळी १० वाजता विंडोज बंद केलं की आरटीसीत १०:०० असतात. उबुंटू त्यात साडेपाच तास मिळवून दुपारचे ३:३० दाखवतं. नेट जोडलं की एनटीपीवरून (नेटवरून अचूक वेळ घेण्याची सोय) वेळ सुधारते, आणि कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ती साधारण दर ११ मिनिटांनी आरटीसीत लिहितं, पण यूटीसीत, म्हणजे ४:३०. परत विंडोजमध्ये यावं तर पहाटेचे साडेचार! उबुंटूत नेट जोडलंच नाही तर आरटीसीला हात लागत नाही आणि विंडोज बरोबर राहतं. ‘कधी होतं, कधी होत नाही’ ते यामुळे.

आधी ठरलं होतं ते ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही कमांड देऊन लिनक्सलाच आरटीसी स्थानिक समजायला लावायचं. कमांड इशारा देते, तरी आपल्याकडे उन्हाळी वेळेची भानगड नसल्याने ते चाललंही असतं. पण डिस्कच्या रिकाम्या पार्टिशनवर (भागावर) डेबियन हे आणखी एक लिनक्स टाकायचं आहे, आणि प्रत्येक लिनक्सची ‘एटीसी’ फोल्डरमधली ‘ॲडजटाइम’ फाइल वेगळी. तिच्या तिसऱ्या ओळीत यूटीसी की लोकल ते लिहिलेलं असतं. सगळीकडे तेच करत बसण्यापेक्षा विंडोजला एकदाच यूटीसीवर आणलेलं उत्तम. म्हणून उबुंटूत त्याच कमांडला १ ऐवजी ० दिला.

विंडोजमध्ये ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘रेग ॲड’ने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) एचकेएलएम\सिस्टीम\करंटकंट्रोलसेट\कंट्रोल\टाइमझोनइन्फर्मेशन इथे डीवर्ड प्रकारची व्हॅल्यू १ ठेवायची. नाव: रिअल, टाइम, इज, युनिव्हर्सल, चारही शब्द सलग. तीन दिवस इथेच गेले, कारण ‘इज’ राहून गेलं होतं. ‘रेग ॲड’ नाव तपासत नाही. द्याल त्या नावाची व्हॅल्यू तयार करतं आणि काम यशस्वी झाल्याचं सांगतं. विंडोज ती व्हॅल्यू कधी वाचतच नाही. त्यामुळे यशाच्या संदेशावर विसंबू नका. लगेच ‘रेग क्वेरी’ देऊन नाव अक्षर न् अक्षर जुळवा आणि चुकीची व्हॅल्यू ‘रेग डिलीट’ने काढा.

मग शटडाउन नको, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनला कर्नल डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ देऊन आपण फास्ट स्टार्टअप कायमचा बंद केला. त्याने सी ड्राइव्हवर काही जीबी मोकळे झाले, शिवाय उबुंटूतून विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडण्याची कटकटही मिटली.

उबुंटूत नुसतं ‘टाइमडेटसीटीएल’ द्या. ‘आरटीसी टाइम’ आणि ‘युनिव्हर्सल टाइम’ या दोन ओळी जुळल्या आणि ‘आरटीसी इन लोकल टीझेड’समोर ‘नो’ दिसलं की जिंकलात. त्या दोन ओळी एकाखाली एक जुळलेल्या बघताना फार बरं वाटलं.

फरक नेमका ५:३० चा नसेल, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केल्यावर तारीखच मागे जात असेल, तर सेटिंगला दोष देऊ नका. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बघा. आमचा २.६ व्होल्टवर आला होता. नौपाड्यात घड्याळवाल्यांकडे मिळतो, पण डब्यात सुटे पडलेले घेऊ नका, सीलबंद पाकिटातलाच घ्या. नवा ३ व्होल्टच्या वर दाखवायला हवा.

हे लिहिताना ध्यानात आलं: बॅकअपसाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ठेवलेला पहाटे ५ चा अलार्म आरटीसीवरच चालतो! तो तसाच राहिला तर मशीन सकाळी साडेदहाला उठेल. तिथे २३:३० (आपले पहाटेचे ५ यूटीसीत) टाकायचा विचार होता, पण ‘सुडो आरटीसीवेक -एम ऑफ -एस २१६००’ जास्त बरं. रात्री ११ ला दिलं की मशीन बंद होतं आणि सहा तासांनी उठतं. सेकंद मोजायचे असल्याने टाइमझोनचा प्रश्नच नाही. काही मदरबोर्ड पूर्ण बंद अवस्थेतून उठत नाहीत, म्हणून आज रात्री आधी १८० सेकंदांवर करून बघणार.